ताण कुठे चढतो, कुठे उतरतो

खोपटला राहणाऱ्या माणसाला सकाळी ठाणे स्टेशन गाठायचं तर तीन मार्ग असतात: शेअर रिक्षा, टीएमटीची बस किंवा आपले पाय. अंतर काही फार नाही, सावकाश चाललं तरी वीस-पंचवीस मिनिटांत स्टेशन येतं. तरीही रिक्षाच्या रांगेत माणसं उभी असतात, आणि ती का उभी असतात हे त्या रस्त्यानं एकदा चालत गेलं की समजतं. एसटीच्या आगारातून बस वळण घेत बाहेर पडते, मागची सगळी वाहनं थांबतात आणि हॉर्नचा कल्लोळ उठतो. फुटपाथ सुरू होतो आणि थोड्याच अंतरावर विजेच्या डीपीपाशी संपतो. पुढे स्कूटरी लावलेल्या. मग गटारावरची एक फरशी, पाय ठेवला की एका बाजूनं उचलली जाणारी. मग कुठल्याशा दुकानाची पुढे आलेली पायरी. चालणारा रस्त्यावर उतरतो, मागून हॉर्न येतो, तो पुन्हा वर चढतो. सगळी वाट नजर पायाशी आणि कान मागे. कामाला अजून सुरुवातही झालेली नसते आणि जीव मेटाकुटीला आलेला असतो.

ताणाचा विषय निघाला की बोलणं साधारणपणे कर्ज, नोकरी, मुलांची दहावी-बारावी, घरातलं आजारपण यांच्याभोवती फिरतं. ही कारणं खरीच आहेत. पण गेली पन्नास वर्षं जगभरातले संशोधक याहून बारीकसारीक गोष्टी मोजत आले आहेत: रस्त्याचा आवाज, डब्यातली गर्दी, गाडीची वाट पाहणं, खिडकीतून काय दिसतं, दिवसाकाठी किती चालणं होतं. या प्रत्येक गोष्टीची माणसाच्या रक्तदाबात, झोपेत, लाळेतल्या कॉर्टिसॉलमध्ये नोंद सापडते. आणि या सगळ्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते. परिसर किती वाईट आहे यासोबतच, त्यातलं किती आपल्या हातात आहे, यावर ताणाचं प्रमाण फार ठरतं.

शरीराचा हिशेब थोडक्यात असा. धोका जाणवला की मेंदू मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडतो. आधी अ‍ॅड्रिनलिन सुटतं, काही मिनिटांनी कॉर्टिसॉल. हृदय जोरात धडधडतं, रक्तात साखर येते, पचन मागे पडतं. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. ही यंत्रणा पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी घडली, म्हणजे थोड्या वेळासाठी. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात कॉर्टिसॉल तसंही चढतं आणि दिवसभरात उतरत जातं, हा निरोगी क्रम आहे. अडचण होते ती दिवसातून वीसदा लहान लहान इशारे मिळत राहिले तर. रिक्षा मिळेल का, गाडी चुकेल का, चढायला मिळेल का. मग रात्रीपर्यंत हा आलेख नीट खाली येत नाही आणि पहिला फटका बसतो तो झोपेला.

गर्दीचा सर्वांत बोलका अभ्यास स्वीडनमधला आहे, पण तो वाचताना डोळ्यांपुढे मध्य रेल्वेच उभी राहते. १९७० च्या दशकात पेट्रोलच्या टंचाईमुळे स्टॉकहोमकडे येणाऱ्या गाड्यांत गर्दी वाढली, तेव्हा उल्फ लुंडबर्ग या मानसशास्त्रज्ञानं प्रवाशांच्या लघवीतलं अ‍ॅड्रिनलिन मोजलं. काही प्रवासी गाडी सुटते त्या पहिल्या स्टेशनवर चढत आणि सव्वा तासाहून जास्त प्रवास करत. काही अर्ध्या वाटेवर चढत, त्यांचा प्रवास पाऊण तासाच्या आतला. अपेक्षा अशी की लांबून येणारे जास्त दमतील. निघालं उलटं. मधून चढणाऱ्यांचं अ‍ॅड्रिनलिन जास्त होतं. पहिल्या स्टेशनवर चढणाऱ्याला रिकामा डबा मिळत होता. कुठे बसायचं, कुणाशेजारी बसायचं, सामान कुठे ठेवायचं, हे तो ठरवू शकत होता. मधून चढणाऱ्याच्या वाट्याला उरलेली जागा येत होती.

डोंबिवलीकराला हे सांगायला स्वीडनचा शास्त्रज्ञ लागत नाही. कसाऱ्याहून किंवा कर्जतहून येणारी जलद गाडी डोंबिवलीत पोहोचते तेव्हा आत शिरायला फट नसते. म्हणून कित्येक जण आधी उलट दिशेनं मागे जातात, तिथून रिटर्न येतात, आणि बसून मुंबई गाठतात. प्रवास लांबतो, वेळ जास्त जातो, तरी माणसं ते पत्करतात, कारण दरवाजात लटकण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त देणं त्यांना परवडतं. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलसाठी किंवा ठाण्याहून सुटणाऱ्या स्लोसाठी थांबणाऱ्यांचं गणितही हेच. ‘कुठे उतरणार?’ हा डब्यातला ठरलेला प्रश्न आणि चौथ्या सीटवर अर्धं टेकून मिळवलेला विसावा, यातही तेच आहे. थोडी तरी निश्चिती हाताशी असावी, यासाठीची ही धडपड असते.

पण याचा अर्थ अंतराला काही किंमत नाही असा घेऊ नये. अमेरिकेत गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी न्यूजर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेनं जाणाऱ्या दोनशेहून अधिक प्रवाशांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं, तेव्हा प्रवास जितका लांब तितकं ते जास्त, असंच दिसलं. त्याच दोघांच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र एक बारकावा हाती लागला. सगळा डबा किती भरलेला आहे याचा ताणाशी फारसा संबंध नव्हता. आपल्या बाकावर, अंगाला अंग लागून किती माणसं आहेत, याचा होता. आणखी एका अभ्यासात, गाडी बदलावी लागत नाही अशी थेट सेवा सुरू झाल्यावर तिच्याकडे वळलेल्या प्रवाशांचा ताण कमी झालेला दिसला. जो प्रवास बेभरवशाचा वाटतो तो जास्त पिळून काढतो, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं.

आता ही मापं मुंबईच्या लोकलला लावून पाहा. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात, असं रेल्वेच्याच परिभाषेत नोंदलेलं आहे. तिथे बाकावरच्या शेजाऱ्याचा प्रश्नच येत नाही. श्वास कुणाच्या खांद्यावर सोडायचा एवढंच उरतं. आणि बेभरवशाचं म्हणाल तर २ जानेवारी २०१५ ची सकाळ दिवा स्टेशनच्या लोकांच्या स्मरणात आहे. पेंटोग्राफच्या बिघाडानं गाड्या रखडल्या, आणि रोज मुकाट्यानं सगळं सोसणारे प्रवासी रुळांवर उतरले. दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. त्या हिंसेचं समर्थन कुणी करू नये. पण ती एका सकाळच्या उशिरातून पेटली, असं मानणं म्हणजे आधीच्या शेकडो सकाळी विसरणं आहे.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना फूटबोर्डवर लटकलेले प्रवासी एकमेकांना, पाठीवरच्या बॅगांना घासून खाली पडले. चौघं त्याच दिवशी गेले. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे लावण्याची घोषणा रेल्वेनं केली. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली होती. तिच्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या धावू लागल्या, तरी दरवाजातली माणसं आत आली नाहीत. अशा प्रवासाला ‘ताण’ म्हणणं अपुरं आहे. इथे शरीर जो धोक्याचा इशारा देतं तो खोटा नसतोच.

तरीही याच डब्यांत माणसांनी स्वतःसाठी काही राखून ठेवलं आहे. ठरलेल्या गाडीचा ठरलेला ग्रुप, ठरलेली जागा, टाळ आणि भजन, लेडीज डब्यात मांडीवर निवडली जाणारी भाजी, डोहाळजेवणं, वाढदिवस. ओळखीची माणसं भोवती असली की तीच गर्दी कमी अंगावर येते, हे मानसशास्त्रात पक्कं झालेलं आहे. भजनाबद्दल तर एक वेगळी गोष्ट सांगता येते. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं, की माळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे हूम्’ हा मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय व रक्तदाबाचं नियमन सुधारतं. लोकलमधल्या अभंगांवर असा प्रयोग व्हायला हवा. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्था कित्येक दशकं योगवर्ग चालवत आल्या आहेत आणि लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत नेलं. अभ्यासाची ही परंपरा घरचीच आहे.

आता आवाज. खोपटचा माणूस आवाजाबद्दल फारसं बोलत नाही, कारण त्याला तो सवयीचा झाला आहे. पण सवय मनाला होते. झोपेतल्या शरीराला ती पूर्ण होत नाही. पहाटे आगारात गाड्या सुरू होतात, इंजिनं बराच वेळ घरघरत राहतात, रिव्हर्स घेताना शिट्टी वाजते. झोपलेला माणूस जागा होत नाही, पण त्याचे ठोके वाढतात आणि गाढ झोप उथळ होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशींत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा तीच, ४५, दिवसा ५५. नियम युरोपच्या तोडीचे आहेत, रस्ते मात्र त्या नियमांना ओळखतही नाहीत.

आवाजाचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी केला आणि १९७२ मध्ये ‘अर्बन स्ट्रेस’ या पुस्तकात मांडला. लोकांना मोठा, मध्येच येणारा आवाज ऐकवत काम करायला लावलं. काम चालू असताना फारसा फरक पडला नाही. माणसं जुळवून घेत होती. आवाज थांबल्यावर मात्र त्यांची चिकाटी घसरली, अवघड कोडी ती लवकर सोडून देऊ लागली, चुका वाढल्या. आवाज केव्हा येणार हे ठाऊक असेल तर हा परिणाम कमी होता. आणि एका गटाला बटण दिलं होतं: अगदीच सहन झालं नाही तर दाबा, आवाज बंद होईल. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी त्यांच्यावरचा दुष्परिणाम बराच कमी निघाला. बटण आहे, एवढी जाणीव पुरली.

शहरातल्या माणसाकडे असं बटण नसतं. खिडकी बंद केली तर वारा बंद, आणि ठाण्याच्या मे महिन्यात ती शिक्षाच. एसी ज्याला परवडतो त्याला शांतता परवडते. ज्याला नाही, त्याच्या घरात रस्ता येऊन बसतो. मुलांवर याचा काय परिणाम होतो, हे न्यूयॉर्कच्या अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवलं. एका शाळेची एक बाजू उन्नत रेल्वेमार्गाला लागून होती. त्या बाजूच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभरापर्यंत मागे होती. पुढे रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छतांना ध्वनिशोषक तक्ते लावले, आणि नंतरच्या तपासणीत हा फरक दिसेनासा झाला. मुलांना कुणी सहनशक्तीचे धडे दिले नव्हते. दुरुस्ती रुळांची आणि छताची झाली होती.

ठाण्यात या प्रश्नाला कोर्टापर्यंत नेणारा माणूसही आहे. डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपकांचा आवाज आणि मंडपांनी अडणारे रस्ते-फुटपाथ, दोन्ही त्यात एकत्र आले, हे फार मोलाचं आहे. कानावर होणारं आक्रमण आणि पायांखालची हिरावलेली जागा हे एकाच माणसाच्या दिवसाचे दोन भाग आहेत.

खोपटच्या आगाराकडे प्रवासी म्हणून पाहण्याची सवय असते: कोकणात जाणारी गाडी, गणपतीतली गर्दी. पण तिथे काम करणाऱ्यांसाठी रस्ता हेच कार्यालय आहे. बसचालकाच्या कामावर जगात इतका अभ्यास झाला आहे की ताणाच्या विज्ञानाचा एक मोठा भाग बसमध्येच घडला म्हणता येईल. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या दुमजली बसमधल्या चालक-वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होत होता. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आकड्यांत दाखवणारं हे पहिलं मोठं काम. तीन वर्षांनी मॉरिस यांनीच गणवेशाच्या नोंदी काढल्या, तेव्हा चालकांच्या विजारी कंबरेला आधीपासून मोठ्या मापाच्या निघाल्या. म्हणजे फरकाचं सगळं श्रेय जिन्यांना देता येत नव्हतं. आपल्याच निष्कर्षाला अशी कात्री लावणारा शास्त्रज्ञ विश्वासाचा वाटतो.

स्टॉकहोममध्ये पुढे एक वेगळा प्रयोग झाला. शहरातल्या एका गजबजलेल्या मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आखली, काही थांबे कमी केले, प्रवाशांना माहिती देण्याची सोय सुधारली. इव्हान्स आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नोंदवलं, की त्या मार्गावरच्या चालकांचा कामावरचा रक्तदाब आणि नाडीचे ठोके कमी झाले. चालकांना ध्यानाचा वर्ग लावला नव्हता. त्यांच्या वाटेतल्या अडचणी काढल्या होत्या. आपल्याकडे खोपटच्या बसस्थानकात चालक-वाहकांसाठी वातानुकूलित विश्रांतीगृह झालं, ही म्हणूनच लहान बातमी नाही. कोकणातून रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस नीट झोपला का, यावर पुढच्या चाळीस-पन्नास माणसांचा जीव अवलंबून असतो. जी सोय खोपटला झाली ती प्रत्येक आगारात असायला हवी, आणि ती टिकायला हवी.

हालचालीबद्दलचे पुरावे आता भरपूर आहेत. २०२२ मध्ये ‘जामा सायकियाट्री’त पंधरा अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, एकूण माणसं १ लाख ९१ हजारांवर. आठवड्याला शिफारस केलेल्या व्यायामाच्या निम्मा करणाऱ्यांनाही नैराश्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला, पूर्ण करणाऱ्यांना २५ टक्क्यांनी. म्हणजे सर्वांत मोठा फायदा पहिल्या थोड्याशा हालचालीतच मिळतो. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं भरभर चालणंही वाया जात नाही. दहा हजार पावलांचा आकडा ज्यांना धाक घालतो त्यांनी हे जाणून घ्यावं, की तो आकडा १९६५ मध्ये जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकशास्त्रातून नव्हे. दुसरीकडे, २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, असं ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधला अंदाज सांगतो, पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के.

बायकांचा हा आकडा वाचून कुणीही चमकेल. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री ओटा पुसण्यापर्यंत जिचा पाय ठरत नाही, ती पुरेशी हालचाल करत नाही? याचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. २०१७ मध्ये रिअ‍ॅनन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या प्रकारच्या हालचालींचा वेगवेगळा हिशेब मांडला. फावल्या वेळातलं चालणं-खेळणं आणि जाण्या-येण्यासाठी चालणं किंवा सायकल चालवणं यांचा मनाच्या स्वास्थ्याशी चांगला संबंध दिसला. नोकरीतल्या कष्टांचा संबंध उलटा, म्हणजे मनाच्या तक्रारींशी होता. घरकामातून फारसा लाभ दिसला नाही. स्नायू तेच, ऊर्जा तीच. फरक इतकाच की एक हालचाल आपल्या गतीनं, आपल्या इच्छेनं होते; दुसरी कुणाच्या तरी जेवणाच्या, डब्याच्या, पाणी येण्याच्या वेळेशी बांधलेली. २०१९ च्या राष्ट्रीय काळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. त्या ‘दमायला होतं’ म्हणतात तेव्हा त्यांना व्यायामाचा सल्ला देणं क्रूर आहे. त्यांना हवा आहे तो स्वतःचा वेळ.

आणि वेळ मिळाला तरी जायचं कुठे? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल दाखवून दिलं, की बाई रस्त्यावर दिसते ती कामासाठी जाताना. हातात पिशवी, कानाला फोन, चाल झपझप. बाकावर नुसतं बसून राहण्याची मुभा तिला शहर देत नाही. खोपटमध्येही संध्याकाळी नाक्यावर उभी असलेली माणसं मोजली तर कोणाला थांबता येतं आणि कोणाला पुढे जावंच लागतं, हे लगेच कळेल.

ठाण्याकडे यावर एक देणगी आहे: तळी. महापालिका आजही सुमारे ३५ तलाव मोजते. खोपटला सिद्धेश्वर तलाव आहे, पाचपाखाडीत महापालिकेच्या मुख्यालयासमोर कचराळी, स्टेशनजवळ कोपिनेश्वराच्या शेजारी मासुंदा, म्हणजे तलावपाळी. वर येऊरच्या पायथ्याशी उपवन. कल्याणला काळा तलाव. पहाटे आणि तिन्हीसांजेला या सगळ्यांच्या काठानं माणसं फेऱ्या मारतात. कचराळीला तर सकाळी चालणाऱ्यांचा असा ओघ असतो की नवख्यानं त्यात आपला वेग शोधावा लागतो. नातवाला धरून चालणारे आजोबा, ट्रॅकसूटमधली कॉलेजची पोरं, साडीवर बूट घातलेल्या बायका, नुकतीच बायपास झालेला आणि डॉक्टरनं बाहेर काढलेला एखादा.

पाणी आणि झाडं यांचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास रॉजर उलरिक यांच्या एका लहानशा निबंधापासून सुरू होतो. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. रुग्णांच्या जोड्या फक्त २३ होत्या, त्यामुळे यावरून सगळं जग बांधू नये. २०१९ मध्ये मेरीकॅरल हंटर यांनी शहरातल्या ३६ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हिरवळीत जायला सांगितलं. फोन नाही, व्यायाम नाही, नुसतं बसा किंवा हिंडा. वीस ते तीस मिनिटांत कॉर्टिसॉल सर्वांत वेगानं उतरलं, पुढे उतार मंदावला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला निदान दोन तास निसर्गात घालवणारे अधिक निरोगी आणि समाधानी निघाले. इथे एक शंका राहतेच: जो आधीच बरा आहे तोच बाहेर पडत असेल. म्हणून मिचेल आणि पॉपम यांचं इंग्लंडबद्दलचं २००८ चं काम अधिक मोलाचं वाटतं. ज्या भागांत हिरवळ जास्त, तिथे गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरातली दरी कमी होती. बागेचा सर्वांत मोठा उपयोग ज्याच्या घरात बाग नाही त्याला होतो.

ठाण्याच्या तळ्यांना हाच प्रश्न विचारायला हवा. मासुंद्याच्या चहूबाजूंनी वाहतूक घेरा घालते. पाणी दिसतं, पण हॉर्न सुटत नाहीत. खोपटच्या चाळींतून आणि झोपडवस्तीतून राहणाऱ्यांना सिद्धेश्वर सर्वांत जवळचा, आणि शहराच्या कौतुकाच्या यादीत तो उपवन-मासुंद्याच्या मागे असतो. तलावांच्या सुशोभीकरणावर खर्च होतो तेव्हा रोषणाई आणि कारंजं आधी येतं. सावली देणारं झाड, पाठ टेकता येईल असा बाक आणि बायकांसाठी स्वच्छ मुतारी नंतर. डोंबिवलीची स्थिती आणखी कठीण. मोकळी जागा थोडी, आणि पूर्वेला एमआयडीसी. मे २०१६ आणि मे २०२४, दोनदा तिथल्या कारखान्यांत प्राणघातक स्फोट झाले. ज्या वस्तीत वेगळा वास आला की माणसं गॅलरीत येऊन आकाशाकडे बघतात, तिथे ‘मोकळ्या हवेत चाला’ हा सल्ला कसा द्यायचा?

या सगळ्या वाचनाला एक मर्यादा घालणं गरजेचं आहे. ताण वेगळा आणि आजार वेगळा. झाडाखाली बसून नैराश्याचा आजार बरा होतो असं कुणी समजू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक आजारानं ग्रस्त आढळले, महानगरांत प्रमाण जास्त, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. ठाण्याकडे या बाबतीत मोठा वारसा आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं; आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी २३ मार्च १९९० ला सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेनं मनाच्या आरोग्याबद्दल मराठी घरांत उघडपणे बोलायला शिकवलं. दोन आठवडे झोप, भूक आणि उमेद गेलेली असेल तर डॉक्टरांकडे जावं; टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून मोफत सुरू आहे.

खोपटच्या माणसासाठी येत्या काळात सर्वांत मोठा बदल होणार आहे तो मेट्रोचा. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ खोपटजवळ कॅडबरी जंक्शनला थांबणार आहे. तिच्या कामानं ठाणेकरांनी कित्येक वर्षं पत्रे, खड्डे आणि वळणं सोसली. सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यातल्या टप्प्यावर पहिली चाचणी फेरी झाली. ठरलेल्या वेळी येणारी, दरवाजे बंद करून धावणारी गाडी मिळणं, हे वर आलेल्या सगळ्या अभ्यासांच्या कसोटीवर ताण उतरवणारंच आहे. पण मेट्रोच्या तिकिटाचा प्रवास स्थानकाच्या जिन्यापासून सुरू होतो आणि माणसाचा घराच्या उंबऱ्यापासून. आगारापासून कॅडबरी जंक्शनपर्यंत आणि दुसरीकडे स्टेशनपर्यंत सलग, सपाट, अडथळा नसलेला फुटपाथ. आगाराच्या फाटकापाशी पादचाऱ्यांसाठी खरोखर थांबणारा सिग्नल. मे महिन्यात डोक्यावर सावली आणि रात्री दहाला परतणाऱ्या मुलीला पुरेल इतका उजेड. याला बोगदे लागत नाहीत, परदेशी कर्ज लागत नाही. लागणाऱ्या बहुतेक गोष्टी महापालिकेच्या अखत्यारीत आहेत, आणि तिचं मुख्यालय खोपटहून चालत जाता येईल इतकं जवळ आहे.